बर्लिनमध्ये को-लिव्हिंग घेऊ का?

पुण्यातला जॉब रिमोट ठेवून बर्लिनला यायचंय आणि को-लिव्हिंग बघतोयस ना, मग व्हिसाचं मी काही सांगत नाही, ते वकिलातीच्या साइटवर आहे सगळं.

मी आले तेव्हा को-लिव्हिंगमध्येच राहिले, म्हणजे खोली आपली, किचन-हॉल सगळ्यांचा. सोय आहे यात वाद नाही. फर्निचर, हीटिंग, वायफाय सगळं भाड्यात, आणि इथले स्वतंत्र फ्लॅट पुष्कळदा ओट्याशिवाय मिळतात, किचन म्हणजे नुसते नळाचे पाइप! वर नव्या माणसाचा शूफा रेकॉर्ड, म्हणजे इथला क्रेडिट स्कोअर, नसतो त्यामुळे मालक दारात उभं करत नाही.

पण बुकिंगआधी एक विचारून घे, तेही ईमेलवर, आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, करू देणार का? इथे राहायला आलं की 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्याला घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. मला चॅटवर "हो हो" म्हणाले आणि आल्यावर "शॉर्ट स्टेला देत नाही". कायद्याने द्यावं लागतं, पण आल्या आल्या भांडणार कोणाशी? पत्र नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून टॅक्स आयडी नाही, बँकही तोच कागद मागते. शेवटी मिळालं, तर टॅक्स आयडी येतो पोस्टाने आणि पेटीवर माझं नावच नाही, पत्र गेलं परत. अजून डोकं फिरतं आठवलं की.

कॉलचंही बघ. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो, म्हणजे तुझी सकाळी दहाची स्टँडअप मीटिंग इथे पहाटे साडेपाचला, आणि सहापर्यंत शांतता पाळायची. फोटोतलं ते कॉमन वर्कस्पेस तेव्हा काय कामाचं? मी बाथरूममध्ये बसून स्टेटस दिलेत.

एकटं वाटेल का म्हणशील, तर माणसं भरपूर असतात. म्हणजे येतात, जातात, दर दोन-तीन महिन्यांनी परत कुठली तू, काय करतेस. नंतर नंतर मी ताट खोलीत नेऊन जेवायचे, पण आईचा व्हिडिओ कॉल आला की किचनमध्ये जाऊन उभी राहायचे, मागे गर्दी दिसली की तिला बरं वाटायचं. आता वेडिंग भागात (बर्लिनमध्येच) माझा फ्लॅट आहे, तर आई रोज विचारते आज कोणाशी बोललीस, आणि मी कायतरी ठोकून देते.

तर पत्र लेखी देत असतील तर तीन महिन्यांसाठी घे, आणि पहिल्याच आठवड्यापासून फ्लॅट बघायला लाग, इथे लय वेळ जातो त्यात.