वाचकांचे प्रश्न : हवा, हवामान आणि पावसाची वही

प्राथमिक शाळेतले शिक्षक आणि पालक यांच्याकडून हवामान बदलाविषयी आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : मी दुसरीला शिकवते. 'हवामान बदल' समजावून सांगितलं, तरी मुलं लिहितात, 'काल ऊन होतं, आज पाऊस आला, हवामान बदललं.' कुठे चुकतंय? (वर्गशिक्षिका, सातारा जिल्हा)

मुलांचं फारसं चुकत नाही, घोळ भाषेतच आहे. 'चाकात हवा भर', 'आज हवा कुंद आहे' आणि 'त्याला महाबळेश्वरची हवा मानवली' या तीन वाक्यांत हवा तीन अर्थांनी येते. भूगोलाच्या पुस्तकात हवा म्हणजे आजची, आत्ताची स्थिती आणि हवामान म्हणजे तिची दीर्घकाळाची सरासरी. साधारणपणे ३० वर्षांची धरतात. त्यात पुन्हा उद्याच्या पावसाचा अंदाज देतं कोण, तर हवामान खातं! तेव्हा फळ्यावर व्याख्या लिहून भागणार नाही.

भिंतीवर दोन रकाने करा, 'आज' आणि 'दरवर्षी'. मुलं जी वाक्यं बोलतील ती कागदाच्या पट्ट्यांवर लिहा आणि कुठे लावायची ते त्यांनाच ठरवू द्या. 'सकाळी धुकं होतं' डावीकडे, 'जूनमध्ये छत्री लागते' उजवीकडे. रोज पाचच पट्ट्या, आठवडाभर. 'मे महिन्यात धो धो पाऊस पडला' ही पट्टी कुठे लावायची यावर वर्गात भांडण होईल. होऊ द्या, आणि ती मधल्या रेघेवर लावून ठेवा. उजवा रकाना भरला की विचारा : तुमची आजी लहान असताना ही वाक्यं खरी होती का? 'हवामान बदल' हा शब्द या प्रश्नानंतर आणायचा.

प्रश्न : बाटलीचा पर्जन्यमापक केला, पण आकडे तालुक्याच्या आकड्यांशी जुळत नाहीत. शिवाय मुलांना रोज काय लिहायला सांगावं हे सुचत नाही. (शिक्षक, रत्नागिरी जिल्हा)

आधी बाटली तपासा. दोन लिटरची, सरळ बाजूंची हवी. कंबरेत आवळलेली किंवा वळ्या असलेली नको. गळ्याकडचा उतार जिथे सुरू होतो तिथेच कापा, झाकण काढा आणि वरचा तुकडा उलटा आत बसवा. तळाला खळगे असतात, म्हणून खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा. ती शून्याची रेघ. पट्टी बाहेरून चिकटवताना पट्टीचं टोक नव्हे, तिचा शून्य या रेघेवर आला पाहिजे. प्लॅस्टिकच्या पट्टीत शून्याआधी थोडी जागा सोडलेली असते, तेवढीच चूक मग रोज होत राहते.

तोंड आणि बाटली यांचा व्यास सारखा असेल, तरच पट्टीवरचे मिलिमीटर म्हणजे पावसाचे मिलिमीटर. घरातलं मोठं नरसाळं वर बसवलं की आकडे फुगतात : व्यास दुप्पट, तर पाणी चौपट.

जागाही महत्त्वाची. पागोळ्यांखाली जास्त भरतं, झाडाखाली कमी. जवळची भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर ठेवा आणि बाटली चार विटांमध्ये घट्ट बसवा. हवामान खातं सकाळी साडेआठला गेल्या २४ तासांचा पाऊस मोजतं; तीच वेळ पाळा. मोजून झालं की पाणी शून्याच्या रेघेपर्यंत आणायचं. कोरड्या दिवसांत ते रेघेखाली जातं, तेव्हा वरून घाला. बाटलीत साधारण १५० मिलिमीटर मावतात. तुमच्याकडे एखाद्या दिवशी तेवढे पुरणार नाहीत. दुपारी एकदा मोजून ओता आणि बेरीज लिहा. एवढं करूनही आकडे वेगळे आले तर काळजी नको. चार-पाच किलोमीटरवर पाऊस वेगळा पडतो, आणि हेही मुलांना कळायला हवं.

वहीत रोज तीन ओळी पुरेत : तारीख आणि आकडा, डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट, आणि एक प्रश्न. '१२ जुलै. २३ मिमी. ओढ्याचं पाणी लाल आहे. लाल का?' पहिलीच्या मुलाने चित्र काढावं, शब्द तुम्ही लिहावा. पाऊस नसेल तर '०' लिहायचा, मोजायचं राहिलं तर 'नोंद नाही'. कोरी जागा सोडली की महिन्याने दोन्ही सारखंच दिसतं. रविवारचा पाऊस सोमवारी मोजला तर 'दोन दिवसांचा' असं लिहा, निम्मा-निम्मा वाटून टाकू नका.

मोठा आकडा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर २६ जुलै २००५चा घ्या. त्या वेळी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ९४ सेंटिमीटरची कागदी पट्टी भिंतीवर जमिनीपासून लावा आणि पहिलीतल्या मुलाला शेजारी उभं करा. पट्टी साधारण खांद्यापर्यंत येते. मात्र तो एका दिवसाचा पाऊस, म्हणजे हवाच. तुमच्या शाळेची एका पावसाळ्याची वहीसुद्धा हवाच सांगते.

प्रश्न : चौथीच्या सगळ्या निबंधांत 'झाडे लावा, झाडे जगवा' एवढंच येतं. (मुख्याध्यापक)

घोषवाक्य पाठ करता येतं, त्याला विचार लागत नाही. त्याऐवजी पाच पट्ट्या उलटसुलट करून द्या : घरात पंखा फिरतो. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो. कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. जमिनीची उष्णता बाहेर जाताना अडते. पृथ्वी तापते. मुलांनी क्रम लावायचा आणि 'म्हणून', 'त्यामुळे', 'कारण' घालून परिच्छेद करायचा. 'कोळसा जळतो कारण कार्बन डायऑक्साइड तयार होतो' असं हमखास येतं. 'कारण'च्या पुढे आधी घडलेली गोष्ट येते, एवढं पक्कं झालं की विज्ञानही निम्मं सुधारतं.

चौथ्या पट्टीसाठी गोधडी चांगली. गोधडी ऊब तयार करत नाही, अंगाची ऊब अडवते. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ४२०हून जास्त आहेत; गोधडी जाड झाली. उन्हात काचेची बरणी तापवण्याचा प्रयोग टाळलेला बरा. बरणीतली हवा तापते ती मुख्यतः बाहेर पडता येत नाही म्हणून. त्यातून कार्बन डायऑक्साइडबद्दल काही सिद्ध होत नाही. ओझोनचं छिद्र आणि रस्त्यावरचा प्लॅस्टिकचा कचरा हे प्रश्न खरे, पण वेगळे. त्यांना या साखळीत जागा नाही.

प्रश्न : आजी-आजोबांच्या मुलाखती घ्यायला सांगितल्या. सगळे म्हणतात, 'पूर्वी पाऊस चांगला होता.' (पालक, अहिल्यानगर जिल्हा)

प्रश्न मोघम होता. आठवण नक्षत्राला, सणाला किंवा कामाला बांधा. मिरगानंतर किती दिवसांनी पेरणी व्हायची? गणपतीत विहिरीच्या किती पायऱ्या पाण्याखाली असायच्या? ७२च्या दुष्काळात पाणी कुठून आणलं? उत्तर त्यांच्याच बोलीत लिहू द्या. आजी 'मिरुग' म्हणाली तर वहीतही मिरुग. प्रत्येक नोंदीआधी 'आजी सांगते' हवं, कारण माणसाच्या लक्षात राहतात ती मोठी सालं, मधली विसरतात. चौथीच्या मुलांना तहसील किंवा तालुका कृषी कार्यालयातले जुने पावसाचे आकडे मिळवून देता आले, तर आठवण आणि आकडा शेजारी-शेजारी लिहिता येतील.

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी पुराचं चित्र असलेलं पुस्तक पाहून रात्री घाबरली. या वयात वाचून काय दाखवावं? (पालक, पुणे)

सात-आठ वर्षांपर्यंत बुडणारी घरं आणि उपाशी अस्वलं बाजूला ठेवा. पाऊस, बी, ओढा, मुंग्या यांच्या गोष्टी घ्या. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीतल्या चित्रगोष्टी फुकट वाचता येतात आणि त्यांवर वाचनाची पातळीही दिलेली असते. पहिलीसाठी पानाला एक-दोन वाक्यं असलेल्या निवडा. वाचताना दोनदा थांबा आणि 'आता काय होईल?' विचारा. शेवटी तात्पर्य विचारू नका. मुलं तुम्हाला हवं ते उत्तर देतात आणि गोष्ट तिथेच संपते.

'आपल्याकडे पूर येईल का?' असं तिने विचारलं तर 'नाही' म्हणून टाळू नका. पाणी वाढलं तर कुठे जायचं, कोणाला फोन करायचा, दप्तर कुठल्या फळीवर ठेवायचं, या तीन गोष्टी तिच्याच अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा.