उभं केलेलं विमान

"करोनात नोकरी गेली. आता पुन्हा तसंच झालं तर?" इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न कितीदा आला, ते मोजणं मी सोडून दिलंय. त्यात विमान कंपन्यांत काम केलेले बरेच. म्हणून निखिलबद्दल (नाव बदललंय) लिहिते.

तो मुंबईला एका विमान कंपनीत टेक्निशियन होता. 25 मार्च 2020 पासून देशातली प्रवासी उड्डाणं दोन महिने बंद होती, नंतर सुरू झाली तीही मोजकीच. जुलैत त्याचं नाव कपातीच्या यादीत आलं. इंदूरला परतून तो खजुरी बाजारात मामांच्या पुस्तकांच्या दुकानात बसू लागला. 2023 मध्ये जुन्या सहकाऱ्याने दुसऱ्या कंपनीत जागा असल्याचं कळवलं आणि त्याची झोपच गेली. आई त्याला घेऊन आली.

वडिलांनी आकडे सांगून झाले होते. 2019 मध्ये देशांतर्गत प्रवासी 14 कोटींवर होते, 2020 मध्ये साडेसहा कोटींच्याही खाली गेले, आता गर्दी परतली. जूनमध्ये इंडिगोने एकदम 500 विमानं मागवली. निखिलचं उत्तर तयार असायचं, "आणि गो फर्स्ट कंपनी? मेमध्येच बंद पडली." खरंच होतं ते. भीतीशी आकड्यांनी भांडू नये. तिच्याजवळ आपल्यापेक्षा जास्त आकडे असतात.

तिसऱ्या भेटीत सहज बोलून गेला, "दुकानात कुणी विचारलं ना, 'भैया, आप तो एअरलाइन में थे न?', की मी वह्या काढायला स्टुलावर चढतो."

म्हणजे दुखणं पुढचं नव्हतंच, मागचं होतं.

"सगळ्यांना नाही काढलं, मॅडम. काहीतरी बघूनच मला काढलं असणार."

मी विषय बदलला. "लॉकडाऊनमध्ये काय काम असायचं?"

"उभ्या विमानांची देखभाल. नुसती उभी नाही ठेवत! इंजिनांची तोंडं झाकायची. वेग मोजायच्या नळ्यांना कव्हर, नाहीतर किडे घर करतात. टायर एका बाजूने बसू नयेत म्हणून चाकं फिरवायची. मधूनमधून इंजिन चालवायचं." तीन वर्षांत तो घरी एका दमात इतकं बोलला नसेल.

"बिघाड होता त्यांत?"

"छे! प्रवासीच नव्हते."

आणि थांबला. मीही गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहायला शिकण्यात माझी दहा वर्षं गेलीत. मला वाटलं होतं, आता म्हणेल, 'म्हणजे माझ्यातही बिघाड नव्हता.' तो म्हणाला, "विमानांना कव्हर घातलं, मॅडम. आम्हाला कुणी नाही घातलं." आणि रडला.

घटनेपेक्षा आपण तिला लावलेला अर्थ जास्त छळतो, असं मी मानते. लाज आपल्याला दोषी ठरवते; राग निदान दोष जिथला तिथे ठेवतो. त्या दिवशी लाजेचा राग झाला. पुढचं काम सोपं होतं.

हाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारते, भीती उद्याची आहे की कालचा अपमान अजून सलतोय? उद्याची असेल तर कामाला लागा. निघण्यापूर्वी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा, मधल्या खंडामुळे काय पुन्हा शिकावं लागेल ते स्वतः विचारून घ्या. हमी मागू नका. ती मीही देत नाही. आणि आईवडिलांनो, 'बँकेची परीक्षा दिली असतीस तर' हे वाक्य आता पुरे.

निखिल रुजू झाला. शाळांच्या सीझनला मामांना दुकानात माणूस मिळाला नाही, ते अजून माझ्यावर नाराज आहेत.