विश्वास बसतो की ठेवतो?

एका वाचकाने विचारलं आहे: "'बायबलमधल्या घटनेचा पुरावा सापडला, ख्रिस्ती श्रद्धेला बळ' किंवा 'नव्या संशोधनाने ख्रिस्ती श्रद्धेला तडा' अशा बातम्या अधूनमधून वाचनात येतात. इथे 'श्रद्धा' म्हणावं की 'विश्वास'? आणि जिला पुराव्याने बळ येतं किंवा तडा जातो, ती श्रद्धा कसली? श्रद्धा म्हणजे पुराव्याशिवाय मानणं ना?"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते ऐकून कान किटले आहेत. नाही, श्रद्धा म्हणजे पुराव्याशिवाय मानणं नव्हे. ही व्याख्या वादसभांमध्ये जन्मली आणि तिथेच टाळ्या घेत राहिली. संस्कृत, लॅटिन आणि बायबलच्या नव्या कराराची ग्रीक या तिन्ही भाषांत हा शब्द कसा घडला ते पाहिलं, तर व्याख्या एकाही ठिकाणी टिकत नाही. आस्तिक तिच्याआड लपतात, नास्तिक तिच्यावर नेम धरतात. शब्दाचं मात्र दोघांकडूनही नुकसान होतं.

श्रद्धा आणि विश्वास यांचे रोजचे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. थेट ऋग्वेदाकडे जाऊ. दुसऱ्या मंडलातल्या बाराव्या सूक्तात गृत्समद ऋषी इंद्राविषयी सांगतो की लोक विचारतात 'तो आहे कुठे?', आणि काही जण तर म्हणतात 'तो नाहीच'. हे सांगून झाल्यावर लगेच येतं: 'श्रदस्मै धत्त'. नीट पाहा, इथे श्रद्धा हा शब्द अजून जुळून एक झालेला नाही. 'श्रत्' वेगळा, 'धत्त' वेगळा, आणि मधे 'अस्मै' आरामात बसला आहे. धा म्हणजे ठेवणे. अर्थ सरळ आहे: त्याच्या ठायी श्रत् ठेवा. देव नाही म्हणणारा माणूस समोर उभा असतानाच हे वाक्य उच्चारलं गेलं आहे. शंका ऐकूच न येणाऱ्याला कुणी 'ठेवा' म्हणून सांगत नाही.

आता लॅटिन घ्या. ख्रिस्ती मतांगीकाराचा, म्हणजे आपण काय मानतो हे उपासनेत म्हणून दाखवण्याच्या ठरावीक मजकुराचा, पहिला शब्द 'क्रेदो'. हा आपल्या श्रद्धेचा सख्खा भाऊ आहे. शंभराला लॅटिनमध्ये 'केन्तुम' आणि संस्कृतात 'शतम्'. तिकडचा क इकडे श होतो, तसाच 'क्रेद्' इकडे 'श्रद्' झाला. आणि क्रेदोच्या शेवटी जे उरतं ते तेच धा, तेच ठेवणं. म्हणजे रोमन कॅथलिक माणूस कित्येक शतकं लॅटिनमध्ये 'क्रेदो' म्हणताना व्युत्पत्तीने 'मी ठेवतो' असंच म्हणत आला. मराठीत आपण 'विश्वास ठेवतो' म्हणतो तेव्हा कुणाचंही अनुकरण न करता तेच क्रियापद पुन्हा वापरतो. इतक्या लांबच्या तीन भाषा एकाच क्रियापदाशी येऊन थांबाव्यात, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग ठेवायचं काय? इथे पंडितांची फाटाफूट आहे. वैदिक शब्दांचे प्राचीन व्युत्पत्तिकार यास्क यांची परंपरा सांगते, श्रत् हे सत्याचं नाव. पाश्चात्त्य भाषाशास्त्रात बहुतेकांचं मत असं की श्रत् म्हणजे हृदय, म्हणून श्रद्धा म्हणजे काळीज ठेवणं. ऐकायला गोड आहे, व्याख्यानांत तर फारच चालतं. पण लॅटिनमध्ये हृदयाला 'कोर', म्हणजे क, मग संस्कृतात हृदयाला 'ह' का? नियमाने तिथे श यायला हवा होता. यावर उत्तर मिळतं की हृद् नियमाबाहेर गेला आणि खरा जुना उच्चार श्रत् मध्ये टिकला. एका अपवादाच्या पाठीवर दुसरं अनुमान चढवायचं, हा कारभार मला पटत नाही. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच पंडिताने हृदयाची कल्पना बाजूला सारली. त्याच्या मते हा शब्द देवाण-घेवाणीचा आहे: आपलं काहीतरी दुसऱ्याच्या हवाली करायचं, ते परत मिळेल या भरवशावर. बेनव्हेनिस्तचा पक्ष अल्पमतात आहे. असू दे. 'क्रेदो' ज्याचं रूप आहे ते लॅटिन क्रियापद 'क्रेदेरे' कर्जाऊ देण्यालाही वापरत, आणि बँकेच्या पासबुकातलं 'क्रेडिट' त्याच घरातलं. हृदयवाल्यांनी हे पासबुक कधी उघडून पाहिलेलं दिसत नाही.

माझं म्हणणं पुढचं आहे. या अर्थासाठी मराठीत नेमका शब्द तयार आहे: ठेव. श्रद्धा ही मुळात ठेव आहे. आणि हे मी बायबलवर बाहेरून लादत नाही. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याच्या नावाने असलेल्या, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या बाराव्या वचनात लेखक म्हणतो की मी कोणावर विश्वास ठेवला आहे हे मला ठाऊक आहे, आणि माझी ठेव तो त्या दिवसापर्यंत सांभाळील. तिथला ग्रीक शब्द 'पाराथेके'. दुसऱ्याच्या हवाली केलेल्या ऐवजाला ग्रीक व्यवहारात हाच शब्द होता. विश्वास आणि ठेव एकाच वाक्यात, शेजारीशेजारी.

ग्रीकमध्ये विश्वासाला 'पिस्तिस' म्हणतात. पुराव्याशिवाय मानणं ही व्याख्या इथे तर साफ कोसळते, कारण ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अॅरिस्टॉटल वक्तृत्वशास्त्र शिकवताना पिस्तिस हा शब्द पुराव्यालाच वापरतो. साक्षीदार, करारनामे, शपथा, कायदे ही त्याच्या लेखी सगळी पिस्तिस. नव्या करारातही तो अर्थ जिवंत आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्सच्या लोकांना सांगतो की देवाने येशूला मेलेल्यांतून उठवून सर्वांना पिस्तिस दिली आहे. इथे 'श्रद्धा दिली' असं भाषांतर केलं तर वाक्याचा अर्थच जातो. तो सांगतो आहे: हमी दिली, प्रमाण दिलं. एकच शब्द ठेवणाऱ्याच्या विश्वासालाही चालतो आणि ज्याच्या जोरावर ठेवायचं त्या हमीलाही.

मग इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचं पहिलं वचन येतं. उपदेशांत सर्वांत जास्त तेच ऐकू येतं आणि सर्वांत जास्त मिळमिळीत करून सांगितलं जातं तेही तेच. रूढ मराठी बायबलात विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा 'भरवसा' आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची 'खातरी'. भाषांतरकारांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, दोन्ही शब्द मऊ पडले आहेत. खातरी हा अरबी 'खातिर'वरून आलेला, म्हणजे मनाशी बांधलेला शब्द. खातरी पटते ती मनात. मूळ शब्द 'एलेंखोस' मात्र चव्हाट्यावरचा आहे. सॉक्रेटिस समोरच्याला प्रश्नामागून प्रश्न विचारून जेरीस आणतो, त्या उलटतपासणीला एलेंखोस म्हणतात. जेरोमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या लॅटिन बायबलात तिथे 'आर्गुमेन्तुम' आहे, भाषांतर करणाऱ्याला शब्दाची धार कळली होती. आणि 'भरवसा' म्हणून जो आला आहे तो 'हुपोस्तासिस' इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक पपायरसांत मालमत्तेच्या हक्काच्या कागदपत्रांसाठी वापरलेला दिसतो. काही अभ्यासकांनी तोच अर्थ या वचनात घेतला, बाकीचे त्याला अतिरेक म्हणतात. मी घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. ठेव म्हटली की पावती आलीच.

हे सगळं मूळ प्रश्नाला लागूनच आहे, कारण मराठीत विश्वास दोन तऱ्हांनी चालतो. विश्वास बसतो, आणि विश्वास ठेवतात. बसणं आपल्या हाती नसतं. साक्ष ऐकली, कागद पाहिला, विश्वास बसला. नाही पटलं, नाही बसला. ठेवणं मात्र माणूस स्वतः करतो, आणि तेही कुणावर तरी. 'माझा त्या बातमीवर विश्वास बसला' आणि 'मी त्या माणसावर विश्वास ठेवला' ही वाक्यं अदलाबदल करून पाहा, मराठी माणसाला लगेच खटकेल. बातम्या लिहिणारे या दोन क्रियांची सरमिसळ करतात. पुरावा बसण्याला लागतो. ख्रिस्ती माणूस मतांगीकारात उच्चारतो ते ठेवणं.

म्हणूनच शोध लागतात आणि चर्चच्या बाकांवरची गर्दी होती तशीच राहते. 1961 साली इस्राएलातल्या कैसरियाच्या प्राचीन नाट्यगृहात एक दगड सापडला, त्यावर पंतय पिलाताचं नाव आणि 'प्रीफेक्ट' हा हुद्दा लॅटिनमध्ये कोरलेला आहे. येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याचा हा मोठा पुरावा. त्याने एक माहिती पक्की झाली. पण पिलात होता हे कळल्याने येशू उठला यावर कुणाचा विश्वास बसेल? 1947 पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत गुंडाळ्या मिळाल्या. त्यांतली यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी तोवर ठाऊक असलेल्या संपूर्ण हिब्रू हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी, आणि मजकूर बराचसा तोच. नकलाकारांच्या इमानाला हा पुरावा पुरला. यशयाशी देव बोलला का, याला तो पुरत नाही. पुरावा हा शब्दच 'पुरणे'वरून आला आहे, जसा मेळणेवरून मेळावा. म्हणून दर वेळी विचारावं: कशाला पुरला?

उलट बाजूचंही तसंच. बायबलात यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली लोक जे यरीहो शहर घेतात, त्याचा तट खरोखर त्याच्या काळी पडला असं 1930च्या दशकात जॉन गार्स्टँग या पुरातत्त्वज्ञाने जाहीर केलं तेव्हा भाविकांना आनंद झाला. 1952 ते 1958 या काळात कॅथलीन केनियनने तिथेच पुन्हा उत्खनन केलं आणि तो विध्वंस ख्रिस्तपूर्व 1550च्या सुमाराचा, म्हणजे यहोशवाच्या आधीचा ठरवला. येशूच्या देहाभोवती गुंडाळलं होतं असं मानलं जाणारं तुरिनचं कफन 1988 साली ऑक्सफर्ड, झुरिक आणि अॅरिझोनातल्या प्रयोगशाळांनी तपासलं, कापड 1260 ते 1390 या काळातलं निघालं. तरी 1998, 2000, 2010 आणि 2015 साली ते दर्शनाला मांडलं तेव्हा रांगा लागल्याच. यावर 'बघा, पुरावा मानत नाहीत' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की मतांगीकारात ना यरीहोचा तट आहे ना तुरिनचं कापड. ठेव तिथे ठेवलेलीच नव्हती.

मग ती ठेव बुडूच शकत नाही का? शकते, आणि कुठे बुडेल ते पौलाने स्वतः लिहून ठेवलं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. त्याआधीच्याच ओळींत तो साक्षीदार मोजतो, एका वेळी पाचशेहून जास्त, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत हे आवर्जून सांगतो. म्हणजे, जा आणि विचारा. पुराव्याशी नातं तोडलेला माणूस असं लिहीत नाही. आणि पुराव्याची मर्यादाही बायबलातच आहे. लूकच्या सोळाव्या अध्यायातल्या लाजराच्या दाखल्यात अब्राहाम म्हणतो, जे मोशेचं आणि संदेष्ट्यांचं ऐकत नाहीत, त्यांना मेलेल्यांतून कुणी उठून आला तरी पटणार नाही.

विरुद्ध पुराव्याने प्रत्यक्षात काय बदलतं, याचं स्वच्छ उदाहरण म्हणजे बार्ट अर्मन हे अमेरिकी अभ्यासक. तरुणपणी ते बायबलचा शब्दन् शब्द अचूक मानणारे होते. हस्तलिखितांतले पाठभेद आणि विसंगती पाहून त्यांचं ते मत गेलं, तरी ते बरीच वर्षं ख्रिस्ती राहिले. पुढे विश्वास सुटला त्याचं कारण ते जगातलं दुःख सांगतात, पाठभेद नव्हे. पुराव्याने ग्रंथाविषयीचं मत बदललं. ठेव काढून घेतली ती ज्याच्याकडे ठेवली होती त्याच्याविषयीच्या प्रश्नावरून. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं वळण वेगळं, पण कणा तोच. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या आपल्या अँग्लिकन गुरुभगिनींशी वाद घालत राहिल्या: अमुक मत शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून अख्खं बायबल मराठीत आणलं. ठेव ठेवली आणि कागदपत्रंही स्वतः तपासली.

आता राहिला श्रद्धा की विश्वास. मराठी बायबलात पिस्तिसला विश्वास आहे, प्रोटेस्टंट घरांत 'विश्वासणारे' हा शब्द रोजचा आहे, तेव्हा ख्रिस्ती संदर्भात विश्वासच लिहावा. गोव्याच्या कोकणीत याला 'भावार्थ' म्हणतात आणि मतांगीकारात 'सत मानतां' येतं. सत मानणं म्हणजे यास्कांचा श्रत्, सत्याचं नाव! बेनव्हेनिस्तच्या बाजूने इतकं बोलूनही या एका ठिकाणी यास्कांना नमस्कार करतो. बातमीत मात्र 'श्रद्धेला बळ' आणि 'श्रद्धेला तडा' दोन्ही गाळावं. पिलाताच्या नावाचा दगड सापडला, तर तेवढंच छापावं.