साखळ्या तोडणारा हात काढू नकोस

स्वातंत्र्याच्या पोस्टरसाठी केलेलं तुझं रेखाटन पाहिलं. हात चांगला बसलाय, पण तुटलेली साखळी, उगवता सूर्य आणि कबुतर, तिन्ही एकाच कागदावर नकोत. हे चित्र कुठल्याही देशाचं होऊ शकतं, आणि तीच अडचण आहे.

हंगेरीचं १९९० चं पोस्टर नीट बघ. इश्तवान ओरोसने केलेलं. सोव्हिएत लष्करी अधिकाऱ्याची पाठमोरी मान, जाड, वळ्या पडलेली, वर टोपी. रशियन लिपीत दोनच शब्द: 'तोवारिशी, कोन्येत्स', म्हणजे 'कॉम्रेडहो, संपलं'. बस्स! चेहरा नाही, रक्त नाही. माणूस पाठमोरा आहे म्हणजे तो चाललाय, हे सांगावं लागत नाही. आणि शब्द हंगेरियन नाहीत, हे माझ्या मते सगळ्यात मोठं. शाळेत सक्तीने शिकवलेली भाषा लोकांनी त्याच सत्तेला निरोप द्यायला वापरली. ते पोस्टर निवडणुकीत हंगेरियन डेमोक्रॅटिक फोरम या पक्षाने लावलं. शेवटचे सोव्हिएत सैनिक मात्र जून १९९१ मध्ये गेले.

पोर्तुगालचंही बघ. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी तिथली हुकूमशाही उलथवली, त्यानंतरच्या पोस्टरांवर बंदुकीच्या नळीत लाल कार्नेशन दिसतं, कारण त्या दिवशी लिस्बनच्या रस्त्यावर सैनिकांच्या बंदुकांत ती फुलं खरोखर खोवली होती. (ज्या राजवटीकडून गोवा १९६१ मध्ये सुटला, तीच ही.)

तेव्हा तुझं पोस्टर ज्या देशाचं आहे, आधी तिथली एक खरी वस्तू शोध. मग दहा हात लांबून वाचता येईल इतकं मोठं अक्षर. रंग दोन पुरेत. नवं रेखाटन झालं की दाखव, मी वाट बघतोय.