चाळणीत काय उरलं?

गेल्या अंकात मी किनाऱ्याजवळच्या समुद्रतळाबद्दल, म्हणजे खरं तर चिखलाबद्दल आणि तो चाळून त्यातले जीव मोजण्याच्या माझ्या कामाबद्दल लिहिलं होतं. चिखलावर कोण पत्र लिहिणार, असं वाटलं होतं, पण बरीच आली. त्यांतले पाच प्रश्न इथे घेते.

प्रश्न (नाशिकहून एक आजी) : चिखल चाळून तुम्हाला मिळतं काय? आणि किडे हाताळताना किळस नाही का येत?

आजी, किळस सुरुवातीला यायची, पण नमुने टिकवायला वापरतात त्या फॉर्मालिनच्या वासाची. किड्यांची कधीच नाही.

बोटीवरून आम्ही एक लोखंडी जबडा खाली सोडतो, त्याला ग्रॅब म्हणतात. तळाला टेकला की खटका सुटतो आणि दोरी ओढताना दोन ओंजळी मिटाव्यात तसा तो मिटतो. जोहान व्हॅन व्हीन या डच इंजिनियरनं तो १९३०च्या दशकात बनवला. त्याला किड्यांशी काही देणंघेणं नव्हतं, समुद्रात वाळू कुठून कुठे सरकते एवढंच हवं होतं. वर आलेला चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत घालायचा आणि समुद्राच्याच पाण्यानं, तांदूळ धुवावेत तसा हलक्या हातानं धुवायचा. जोर लावला की किडे तुटतात. तुटलेच, तर फक्त डोकी मोजायची. शेपट्या मोजल्या तर एकाचे तीन होतात आणि आपणच खूश होऊन बसतो.

उरतं ते चिमूटभर. शंखांचा चुरा, पालापाचोळा, आणि त्यात, नजरेला पडावेत म्हणून आम्ही गुलाबी रंगवलेले, दोऱ्याएवढे जीव. बहुतेक पॉलिकीट, म्हणजे गांडुळांचे समुद्रातले चुलतभाऊ. शिवाय पिसवेएवढे कवचधारी, तांदळाच्या दाण्याएवढे शिंपले. हेच लेप्यासारख्या चपट्या माशांचं, कोळंबीचं, कुर्ल्यांचं जेवण. त्यामुळे तुमच्या ताटातल्या कोळंबीचा हिशेब या चिमटीपासून सुरू होतो.

एकदा बोटीच्या तांडेलांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांनी, मला विचारलं होतं, "म्हॅडम, एवढ्या चिखलाक भाडा कित्याक भरतास?" तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं.

प्रश्न (देवगडचे एक मच्छीमार) : पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास, कधी कधी तळाची मासळी एकदम गायब होते. जाळ्याला काळा चिखल लागून येतो, कुजक्या अंड्यासारखा वास असतो. कुठल्या जहाजानं तेल सोडलं म्हणायचं का?

तेल नव्हे. तेलाचे डांबरगोळे आपल्या किनाऱ्याला लागतात ते जास्त करून पावसाच्या तोंडाला. तुम्ही सांगता ती गोष्ट दरवर्षीची आहे आणि तिचं मूळ खोल समुद्रात आहे.

अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरच्या खाली पाण्याचा एक जाड थर आहे, त्यात प्राणवायू नावालाच असतो. पावसाळ्यात वारे आणि प्रवाह असे वाहतात की किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्याच्या जागी हे खालचं थंड पाणी तळातळानं वर चढतं. त्याच वेळी नद्यांचं गोडं पाणी वरून पसरतं. ते हलकं, म्हणून झाकणासारखं बसतं. वरचा प्राणवायू खाली उतरत नाही. खाली आधीच कमी असलेला प्राणवायू कुजणाऱ्या शेवाळावर खर्च होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाशी जवळजवळ शून्य. मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि तुमचा तो अंड्याचा वास, हायड्रोजन सल्फाइड, तयार होतो.

गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक कांदोळीसमोर ठरलेल्या एका जागी वर्षानुवर्षं जाऊन हे पाणी मोजत आले आहेत. डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये लिहिलं, की आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची ही प्राणवायूची तूट पूर्वीपेक्षा तीव्र झालेली दिसते. शेतातून वाहून येणारं खत हे त्यांनी सुचवलेलं एक कारण.

पोहता येतं ते पळतात, म्हणून तुमचं जाळं रिकामं. बिळातल्यांना पळायला जागा नसते. या दिवसांत काढलेला चिखल चाळला की जाती मोजक्याच उरलेल्या दिसतात. डोक्याजवळ पिसासारखे कल्ले असलेले स्पायोनिड कुळातले बारीक किडे मात्र टिकून असतात. थंडी पडायला लागली, प्रवाह फिरला की पाणी पुन्हा मोकळं होतं.

पण काळा चिखल म्हणजे मेलेला चिखल, असं समजू नका. खाडीत ओहोटीला एक काचेची नळी चिखलात खुपसा आणि अलगद वर काढा. वरचे काही मिलिमीटर तपकिरी, खाली काळंकुट्ट. आणि त्या काळ्यात मधूनमधून उभ्या तपकिरी रेघा. जवळून बघा, ती बिळं आहेत. किडा आत बसून अंग हलवत वरचं पाणी खाली ओढतो, त्या पाण्यातल्या प्राणवायूनं बिळाची भिंत गंजल्यासारखी तपकिरी होते. मी पहिल्यांदा ही नळी उन्हात धरली तेव्हा कितीतरी वेळ हातातच धरून उभी होते. शेजारून आजोबांचा आवाज, "काय बघतंस गो चिखलात?" ते रापणकर, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे. चिखल म्हणजे जाळं धुवायचा ताप, एवढीच त्यांची ओळख.

प्रश्न (पुण्याहून एक विद्यार्थिनी) : या क्षेत्रात यायला काय शिकावं?

जीवशास्त्रातली पदवी घ्या आणि पुढे सागरी जीवशास्त्र. कारवारला, गोव्याला, कोचीला त्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. संख्याशास्त्र टाळू नका, मी टाळलं आणि तिशीत शिकले. आणि नमुन्याच्या बाटलीवर कधीही पेनानं लिहू नका. माझ्या पहिल्याच फेरीत बाहेरून लिहिलेली अक्षरं पुसली गेली आणि चौदा बाटल्या कुठल्या जागेच्या ते आजतागायत कळलेलं नाही. ट्रेसिंग पेपरवर शिसपेन्सिलीनं लिहायचं आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची.

प्रश्न (मालवणचे एक वाचक) : तळावरून जाळं ओढणाऱ्या ट्रॉलर बोटींनी खरवडलेला तळ पुन्हा भरून येतो का? की जून-जुलैच्या बंदीचा काही उपयोग नाही?

उपयोग आहे, पण कुणाला, ते पाहावं लागेल. ट्रॉल जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या दोन जड फळ्या तळावर नांगरासारख्या चालतात. चिखलाचा लोट उठतो, वरच्या बोटभर थरातली बिळं मोडतात. काही महिन्यांचं आयुष्य असलेले किडे पावसाळ्याच्या विसाव्यात परततात. वर्षानुवर्षं जगणारे मोठे शिंपले, तळाला चिकटून वाढणारे समुद्रपंखे, स्पंज यांना दोन महिने म्हणजे काहीच नाही. सतत खरवडलेल्या जागी म्हणून चाळणीत संख्या भरपूर दिसते, पण सगळी बारीकसारीक, झटपट वाढणारी मंडळी. नुसती संख्या बघून तळ सुदृढ आहे असं म्हणणारा अहवाल हातात पडला की मी आधी जातींची यादी उघडते.

आणि हो, नमुने घ्यायला मी जाते ती बहुधा भाड्याच्या ट्रॉलरवरूनच. हा टोमणा तुम्ही मारण्याआधी मीच मारून घेते.

प्रश्न (रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एक ताई) : आई सुकतीला, म्हणजे ओहोटीला, जाऊन टोपलीभर तिसऱ्या (खायचे शिंपले) आणायची. आता वाटीभर मिळणं मुश्कील. कारण काय?

ताई, एका शब्दात सांगता येत नाही आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तिसरीचं पिल्लू आधी पाण्यात तरंगतं, मग तळावर उतरतं, आणि वाळू-चिखलाचं प्रमाण मानवलं तरच टिकतं. ड्रेजरनं वाळू उपसली तर घरच जातं. वरून गाळ आला तर ते गुदमरतं. आणि बारीक तिसऱ्याही टोपलीत गेल्या तर पुढच्या वर्षी अंडी घालायला कोण उरणार? तुमच्या खाडीत यातलं काय झालं, ते कळायला आधीची मोजणी लागते, आणि आपल्या बहुतेक खाड्यांची ती कुणी केलेलीच नाही. माझ्या कामातली सगळ्यात मोठी अडचण हीच. मी आज मोजते ते कशाच्या तुलनेत कमी आहे, ते सांगायला माझ्याकडे कागद नसतो.

आई असतील तर त्यांना विचाराल का? कुठल्या महिन्यात, खाडीच्या कुठल्या बाजूला, हाताला वाळू लागायची की चिखल, तिसरी केवढी असायची, नखाएवढी की अंगठ्याएवढी. घराच्या मागे जुन्या शिंपल्यांचा ढीग असेल तर त्यातले मूठभर काढून ठेवा. मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी येऊन मोजून जाईन.