केए-२८ आणि केए-३२च्या गाड्या मोजा: वैद्यकीय पर्यटन आणि सोलापूरचे आयटीवाले

वैद्यकीय पर्यटनात तंत्रज्ञान पुरवणाऱ्यांना धंदा कुठे आहे, असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यांतल्या पाच प्रश्नांना ही उत्तरं.

आम्ही तिघे मित्र पुण्यातल्या आयटी नोकऱ्या सोडून जुळे सोलापुरात परत आलोय. ओमान, केनियातले रुग्ण सोलापूरच्या रुग्णालयांकडे आणणारं पोर्टल काढायचं आहे. चालेल का?

नाही चालणार. परदेशी रुग्ण मुंबईला नाहीतर हैदराबादला उतरतो. दुभाषा, न्यायला गाडी, ठरलेलं पॅकेज हे सगळं त्याला तिथंच मिळतं. त्याला आणखी काही तास प्रवास करायला लावून इकडे कशासाठी आणायचं, याचं उत्तर तुमच्या पोर्टलकडे नाही.

पण परगावचा रुग्ण सोलापूरला नवा थोडाच आहे? शहरातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाबाहेर उभं राहा आणि केए-२८, केए-३२च्या, म्हणजे कर्नाटकातल्या विजापूर आणि कलबुर्गी पासिंगच्या गाड्या मोजा. विजापूर, इंडी, आळंद, कलबुर्गी इकडून माणसं येतात, धाराशिव-तुळजापूरकडून येतात. राज्याची हद्द ओलांडून, रजा टाकून, सोबत दोन नातेवाईक घेऊन, लॉजवर राहून उपचार घेणं म्हणजे वैद्यकीय पर्यटनच की! त्यात महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकात असलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांनाही लागू करण्याचा निर्णय २०२३मध्ये झाला. म्हणजे योजनेची कागदपत्रं घेऊन हद्दीपलीकडूनही माणसं येऊ शकतात.

यांना इथे आणण्यासाठी जाहिरात लागत नाही, ते येतातच. त्यांचे हाल होतात ते येण्याआधी आणि घरी गेल्यावर. तुमचा धंदा तिथे आहे, आणि पैसे देणारं गिऱ्हाईक म्हणजे तीस ते शंभर खाटांचं रुग्णालय.

ठीक आहे, पण नेमकं विकायचं काय? रुग्णालयं म्हणतात, आमच्याकडे बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे.

बिलिंगच्या वाटेला जाऊच नका, तिथे भावावरून मारामारी आहे. मी तुमच्या जागी असतो तर स्कॅनपासून सुरुवात केली असती.

आज काय होतं ते बघा. इंडीत किंवा विजापुरात सीटी स्कॅन होतो. मुलगा ती फिल्म खिडकीच्या काचेला लावतो, मोबाइलने फोटो काढतो आणि सोलापूरच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲप करतो. सीटीच्या एका तपासणीत शेकडो प्रतिमा असतात, फिल्मवर त्यांतल्या मोजक्याच छापलेल्या असतात, आणि व्हॉट्सॲप फोटो दाबून आणखी बारीक करतं. हाड बघायचं की मऊ भाग, त्याप्रमाणे डॉक्टरांना उजेड-काळोख बदलून बघायचा असतो. फोटोत ते जमत नाही. मग डॉक्टर म्हणतात, "घेऊन या पेशंटला." इथे आल्यावर तोच स्कॅन पुन्हा. खर्च दुप्पट, आणि कधीकधी कळतं की ऑपरेशनची गरजच नव्हती.

मूळ प्रतिमा डायकॉम या प्रमाणित स्वरूपात असतात. त्या साठवून पुढे पाठवायला ऑर्थँक, ब्राउझरमध्ये उघडून बघायला ओएचआयएफ, आणि दोन्ही मुक्तस्रोत. बाहेरगावच्या तपासणी केंद्राने मूळ फायली चढवायच्या, सोलापूरच्या डॉक्टरांना सुरक्षित दुवा जायचा, आणि रुग्ण निघण्याआधीच त्याला कळवायचं: भरती व्हावं लागेल का, किती दिवसांची तयारी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं काय करायचं, उपाशीपोटी यायचं का. सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून काम सोपं समजू नका. ते बसवणं, चालतं ठेवणं आणि खेड्यातल्या मंद इंटरनेटवर अपलोड मध्येच तुटलं तर तिथूनच पुढे सुरू करणं, एवढ्याचेच पैसे आहेत. दरमहा ठरावीक रक्कम घ्या.

एक मर्यादा पाळा. प्रतिमा साठवणं-दाखवणं वेगळं आणि "इथे गाठ दिसते" असं सॉफ्टवेअरने सांगणं वेगळं. निदान करणारं सॉफ्टवेअर कायद्याने वैद्यकीय उपकरण ठरतं, त्याला परवाना लागतो. एआयचा मोह सध्या आवरा.

एक रुग्णालय म्हणतं, महिना फी देत नाही, पाठवलेल्या प्रत्येक रुग्णामागे दहा टक्के देतो. घ्यावेत का?

घेऊ नका. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याला डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत मनाई आहे. ती डॉक्टरांना लागू आहे, तुम्हाला नाही, असा युक्तिवाद कुणीतरी नक्की करेल. पण कट प्रॅक्टिसचं सॉफ्टवेअर अशी ओळख एकदा चिकटली की सोलापुरासारख्या गावात पुसली जात नाही, सरळ वागणारे डॉक्टर तुम्हाला दारात उभं करणार नाहीत.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरी तेलुगू, बाहेर मराठी, कन्नडही येतं. तांत्रिक शिक्षण नाही. या क्षेत्रात माझ्यासाठी काही आहे का?

ताई, तुमच्याकडे आहे ते पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना सहज मिळत नाही. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, रुग्ण कन्नड बोलणारा, आणि घरी गेल्यावर "जेवणाआधीची गोळी कुठली?" हे विचारायला कुणी नाही. यंत्राने भाषांतर होतं, सरकारचं भाषिणी आहे. वेळ ठरवणं, पत्ता सांगणं यासाठी ते ठीक. औषधाचं प्रमाण मात्र यंत्रावर सोडू नये. डॉक्टरांनी किंवा नर्सने तपासलेल्या सूचना माणसाच्या आवाजात कन्नड-तेलुगूत रेकॉर्ड करायच्या, ठरलेल्या दिवशी रुग्णाच्या फोनवर पाठवायच्या आणि तिसऱ्या दिवशी एक फोन करायचा. वरच्या प्रश्नांतल्या मुलांना हे काम सुचणार नाही. त्यांना गाठा, पण पगारावर नको, भागीदारीत जा.

आमचं दातांचं क्लिनिक आहे. अमेरिकेतले सोलापूरकर डिसेंबरात येतात, तेव्हा गर्दी होते. त्यांना तिकडे असतानाच व्हिडिओवर तपासून फी घ्यावी का?

सोलापूरचा खरा परदेशी रुग्ण हाच. पण २०२०ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं भारताबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत, आणि तिकडच्या कायद्यात तुम्ही परवानाधारक नाही. म्हणून व्हिडिओवर निदान, औषध काही नको. जुने एक्स-रे मागवणं, अंदाजे खर्च कळवणं, भेटींच्या तारखा लावणं एवढं करा. सगळे एकाच पंधरवड्यात येतात, तेव्हा रूट कॅनाल आणि कॅप यांच्यामधले दिवस परतीच्या तिकिटाशी जुळवणारी साधी वेळापत्रक-प्रणालीही पुरेल. रुग्णांची माहिती तुमच्याकडे साठते आहे, तेव्हा २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेत तुम्हीही येता: लेखी संमती घ्या, आणि रिसेप्शनवरच्या मुलीच्या खासगी मोबाइलमधले एक्स-रे आधी काढून टाका.