मेंदूतलं पाणी जातं कुठे?

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका. मेंदूला लसिकावाहिन्या (ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) नसतात, असं आम्ही शिकलो. फिजिओथेरपी शिकणारी भाची म्हणते, असतात. खरं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, भाचीचं पारडं जड आहे. या वाहिन्या मेंदूच्या गाभ्यात नाहीत, त्याच्या बाहेरच्या जाड आवरणात आहेत, मोठ्या नीलांच्या कडेकडेने. शवविच्छेदन शिकवताना आमचं सगळं लक्ष मेंदूकडे. हे आवरण कवटीला चिकटून बाजूला पडायचं. इटलीचे शरीररचनातज्ज्ञ पाओलो मास्कान्यी यांनी या वाहिन्या १७८७ मध्येच नोंदवल्या होत्या, पण मनावर घेतलं कोणी? २०१५ मध्ये व्हर्जिनिया (अमेरिका) आणि हेलसिंकी (फिनलंड) इथल्या संशोधक गटांनी त्या उंदरांत दाखवल्या, तर २०१७ मध्ये अमेरिकेत माणसांत एमआरआयवर दिसल्या.

मेंदूभोवतीचा द्रव एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतो. दिवसभरात तयार होतो सुमारे ५००. तेवढाच बाहेर पडायला हवा. काही थेट नीलांत जातो, काही गंधाच्या चेतातंतूंलगत नाकाकडे, काही या वाहिन्यांतून मानेतल्या खोल लसिकाग्रंथींत. कोणाचा वाटा किती, यावर अजून भांडणं आहेत. तेव्हा मान चोळून ‘मेंदू साफ’ करून देणाऱ्यांना पैसे देऊ नका, आणि हे भाचीलाही सांगा.